तीन पानांचं प्रत्येक झाड पळस नसतं

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही जंगलालगतच्या गावात सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जा, अख्खं घर एकाच कामाला बसलेलं दिसेल. पहाटे अंधार असताना तोडून आणलेल्या तेंदूच्या पानांचा ढीग मधोमध असतो. म्हातारी, सून, शाळेला सुट्टी लागलेली पोरं, सगळे मिळून ती पानं एकावर एक रचतात आणि सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. संध्याकाळी ती पुडकी फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, मोजून द्यायची. त्या ढिगात तेंदू सोडून दुसऱ्या झाडाचं पान सहसा निघत नाही. जंगलात गुडघाभर उंचीवर अनेक जातींचे कोंब एकमेकांत मिसळून उगवलेले असतात, उजेडही धड झालेला नसतो, तरी हात जातो तो तेंदूवरच. कसं ओळखलंत म्हणून विचाराल तर नेमकं सांगता कुणालाच येत नाही. पानाची जाडी, खालच्या बाजूची मखमल, दुमडल्यावर न तुटण्याचा चिवटपणा हे सगळं बोटांनाच माहीत असतं.

बाहेरून येणाऱ्याला ही शाळा मिळालेली नसते. त्याच्या हातात एक पान असतं, फार तर फोनमध्ये फोटो असतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात त्या पानासारखी निदान पाच तरी पानं असतात. पान लांबट आहे की गोल, टोकदार आहे की बोथट, हे तो बघत बसतो आणि तिथेच फसतो. सांगायचं ते आधीच सांगून टाकतो: अनोळखी झाड ओळखताना पानाचा आकार सगळ्यांत शेवटी बघावा.

कारण आकाराइतकी बेभरवशाची दुसरी खूण नाही. सागाचंच घ्या. तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्याचं पान हातभराहून लांब असतं, आणि त्याच जातीच्या जुन्या झाडाच्या शेंड्याचं पान वीतभरसुद्धा भरत नाही. तेंदूचीही तीच गोष्ट. हंगामाच्या आधी खुटकटाई करतात ती मुळी याचसाठी, की छाटलेल्या खुंटाला येणारं पान मोठं, पातळ आणि विडीला सोयीचं असतं; उंच वाढलेल्या तेंदूचं पान लहान आणि राठ. सावली, वय, तोड, आग, गुरांची चराई या सगळ्यांनी पानाचा आकार बदलतो. पान फांदीवर कुठे आणि कसं बसलंय, हे मात्र सहसा बदलत नाही. म्हणून पानाकडे बघण्याआधी पानाच्या जागेकडे बघायचं.

हा क्रम ग्रंथांतही सहजासहजी सापडत नाही, कारण वनस्पतिशास्त्राचे जुने ग्रंथ फुलावर उभे आहेत. लिनियसने १७५३ सालच्या ग्रंथात वनस्पती वर्गवार लावल्या त्या फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून. शास्त्र म्हणून ते सोयीचं होतं, पण झाडाला फूल वर्षातून दोन-तीन आठवडे येतं आणि तेही चाळीस-पन्नास फुटांवर. १७७८ मध्ये फ्रान्समध्ये लामार्कने (पुढे उत्क्रांतीच्या संदर्भात ज्याचं नाव गाजलं तोच) फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात एक वेगळी युक्ती काढली. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, उत्तरं दोनच ठेवायची, आणि प्रत्येक उत्तरासरशी निम्मी झाडं बाद करत जायचं. आज जगभर झाडं ओळखायची जी कोष्टकं वापरतात ती याच युक्तीची लेकरं. आपल्याकडे चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे १९०१ पासून आलेल्या कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पती-ग्रंथात तो येतच नाही. या भागासाठी जुना आधार म्हणजे स्ट्युअर्टने सुरू केलेला आणि ब्रँडिसने पुरा करून १८७४ मध्ये काढलेला वायव्य आणि मध्य भारताच्या वनवृक्षांचा ग्रंथ. अलीकडे प्रदीप कृशन यांनी मध्य भारताच्या जंगलातल्या झाडांवर जे इंग्रजी पुस्तक केलं, त्यात ओळखीची सुरुवात पानापासून होते, आणि ते माझ्या मते बरोबर आहे.

तर पहिला प्रश्न: हातात आहे ते पान आहे की पानाचा तुकडा?

हा प्रश्न बालिश वाटेल, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. कडुनिंबाची डहाळी हातात घेऊन लोक त्यातल्या एकेका बारक्या पात्याला पान म्हणतात. ती पर्णिका आहे; पूर्ण पान म्हणजे ती अख्खी काडी. फरक ओळखायचा तो डोळ्यावरून. ऊस लावणाऱ्याला डोळा काय ते सांगायला नको. कांड्यावर जिथून नवा कोंब फुटतो तो. झाडाच्या प्रत्येक खऱ्या पानाच्या बगलेत, म्हणजे देठ फांदीला मिळतो त्या कोनात, असा एक बारीक डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो कधीच नसतो. म्हणून पात्याच्या बुडाशी डोळा नसला तर काडीच्या उगमाकडे सरकायचं, आणि डोळा सापडला की तिथून पुढचं सगळं मिळून एक पान.

आवळा याच प्रश्नावर सगळ्यांना गंडवतो. दोन बाजूंना बारीक पात्यांच्या रांगा, दिसायला थेट चिंचेसारखं संयुक्त, म्हणजे पर्णिकांचं, पान. पण मार्च-एप्रिलमध्ये भिंग घेऊन बघा, त्या बारक्या पात्यांच्या बगलेत हिरवट-पिवळी फुलं असतात. संयुक्त पानाच्या पर्णिकांच्या बगलेत फुलं येत नाहीत. म्हणजे आवळ्याची ती एकेक पाती हीच खरी साधी पानं, आणि ज्याला आपण पान समजत होतो ती गळून पडणारी बारीक डहाळी. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरत नाही.

आता तीन पर्णिकांची मंडळी. ‘पळसाला पाने तीनच’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्यामुळे तीन पानं दिसली की पळस असा उलटा हिशोब डोक्यात बसला आहे. या दोन जिल्ह्यांत तीन पर्णिकांची किमान पाच झाडं भेटतात. खरा पळस जाड, चामड्यासारखा. मधली पर्णिका मोठी आणि खालून निमुळती, बाजूच्या दोन मात्र बुडाशी वाकड्या, एका अंगाला जास्त भरलेल्या. पांगाऱ्यालाही तीनच, पण मधली पर्णिका लांबीपेक्षा रुंदीत जास्त वाटते आणि फांद्यांवर काटे असतात. बेलाला तीन, पण बेलाचं पान उजेडासमोर धरलं की त्यात टाचणीने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगाळलं की वास येतो. ओढ्याकाठच्या वायवर्ण्याच्या तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून निघतात. पळसाची मधली पर्णिका मात्र बाजूच्या जोडीपेक्षा थोडी पुढे, स्वतःच्या दांड्यावर असते.

पाचवा तिवस. हा खरा पळसाचा तोतया. शेंगेच्याच कुळातला, पानात तीन पर्णिका, उंची मध्यम, आणि पळस जिथे संपतो तिथे डोंगरउतारावर हा सुरू होतो. तिवसाच्या पर्णिका पळसापेक्षा लहान आणि पातळ, कडा किंचित लाटेसारखी. पण खात्री करायची तर झाडाखाली शेंगा शोधा. पळसाची शेंग चपटी, बी एकच, तेही टोकाला. तिवसाची शेंगही चपटी, पण दोन ते पाच सांधे असलेली, आणि सांध्यांवर बारीक जाळीची नक्षी. फुलांच्या दिवसांत तर वादच उरत नाही: फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस केशरी पेटलेला असतो आणि तिवस फिक्या गुलाबी बारीक फुलांनी भरलेला. तिवसाचं लाकूड चिवट, म्हणून बैलगाडीच्या आणि औताच्या कामाला पूर्वी याला मोठी मागणी होती. जुन्या सुतारांना तो पानापेक्षा लाकडावरूनच जास्त ओळखता येतो.

पर्णिका तीनपेक्षा जास्त असल्या तर शेवटाकडे बघायचं: टोकाला एकटी पर्णिका आहे की जोडी? कुसुमाच्या पानाचा शेवट जोडीने होतो, आणि ती शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. मार्चमध्ये कुसुमाला नवी पानं येतात ती इतकी लाल की लांबून झाड फुललंय असं वाटतं. बिजा आणि शिसम या दोघांचा शेवट एकट्या पर्णिकेने, पर्णिकाही दोघांच्या समोरासमोर नसून आळीपाळीने. बिज्याच्या पर्णिकेच्या टोकाला बारीकशी खाच असते, आणि सालीला जखम झाली की तिथून रक्तासारखा लाल चीक वाहतो. सालई आणि मोई ही जोडगोळी उघड्या टेकड्यांवर भेटते. सालईच्या पर्णिकांना करवती कडा, मोईच्या पर्णिका सपाट कडांच्या आणि टोकदार. सालईची साल कागदासारखी पापुद्र्याने सुटते आणि डिंकाला धुपाचा वास असतो. भेरा हा बेलाच्याच कुळातला. त्याच्या लहान, एका अंगाला झुकलेल्या पर्णिकांतही उजेडात ठिपके दिसतात.

काटेसावर आणि कुल्लू यांचा घोळ पाहिला की ‘पान की पर्णिका’ हा प्रश्न किती कामाचा ते कळतं. दोघांची पानं पंजासारखी पसरलेली. पण सावरीच्या पानात पाच-सात वेगळ्या पर्णिका असतात, प्रत्येक आपल्या सांध्यावर. जुनी झाली की एकेक सुटून पडते. कुल्लूचं पान अखंड आहे, त्याला फक्त पाच पाळ्या पडल्यात. पिवळ्या मोठ्या फुलांच्या गणेरीचंही तसंच, पाळ्यांचं अखंड पान.

दुसरा प्रश्न जागेचा: पानं समोरासमोर की एकाआड एक? शेंड्याकडची निरोगी फांदी घ्या, मोडलेली किंवा बुंध्यातून फुटलेली नको. निसर्ग पुस्तक वाचून वागत नाही, त्यामुळे तेंदू, ऐन, धावडा अशी काही झाडं मध्येच अडखळतात. एक जोडी समोरासमोर, दुसरी थोडी वरखाली. पण साधी पानं आणि ती पक्की समोरासमोर असं दिसलं की यादी एकदम आखूड होते: साग, शिवण, हळदू, कळम, जांभूळ, कुडा, लेंडिया आणि गेळा-पापड्याची मंडळी.

सागाबद्दल फार लिहायला नको असं वाटतं, पण लोक चुकतात ते सागातच, कारण मोठं पान दिसलं की साग म्हणायची सवय. सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. पानाची वरची बाजू खरखरीत, खालची पांढुरकी लवदार. कोवळं पान दोन बोटांत चोळलं की बोटं लाल होतात. ही खूण दुसरं कुठलंही मोठ्या पानाचं झाड इथे देत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात पानांचा हिरवा गर किड्यांनी खाऊन फक्त शिरांची जाळी उरलेली दिसली तरी समजा की साग आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेला तेव्हा चंद्रपुरात मोठी मिरवणूक निघाली. पण उभा साग पानावरून ओळखणाऱ्यांची संख्या त्या मिरवणुकीने वाढली असेल असं मला वाटत नाही.

शिवण सागाच्या जवळची, पान हृदयाकृती, मऊ आणि लांब देठाचं. पात्याच्या बुडाशी, देठ मिळतो तिथे, बारीक ग्रंथी असतात. हळदूचंही पान हृदयाकृती आणि समोरासमोर, त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या आकारावर गेलात तर शिवण आणि हळदू एकच. इथे फांदीच्या टोकाकडे बघायचं. हळदूच्या दोन समोरासमोरच्या देठांच्या मध्ये, जिथे शिवणीला आणि सागाला काहीच नसतं, तिथे गोलसर पातळ पाती असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात, आणि ती टोकाच्या डोळ्यावर झाकण घालून बसलेली असतात. समोरासमोर साधी पानं आणि देठांच्या मध्ये उपपर्णं, ही खूण कॉफीच्या कुळाची. त्या कुळातली इथली आपल्याला भेटणारी झाडं म्हणजे हळदू, कळम, गेळा आणि पापडा. म्हणजे नाव कळायच्या आधी कुळ कळलं, आणि कुळ कळलं की निम्मं काम झालं. पुढे हळदूच्या फुलांचे पिवळे गोळे आणि कळमाचे पांढुरके गोळे पावसाळ्यात दिसले की उरलेली शंकाही मिटते.

आता अशी झाडं, ज्यांची पानं फांदीभर न पसरता टोकाला झुबक्याने जमतात. मोहा, बेहडा, कुंभी, बिबा. ही चौघंही मोठी, ही चौघंही जंगलात सर्वत्र, आणि लांबून चौघं सारखीच. मोहा आणि बेहडा यांची उलटापालट तर नेहमीची. बेहड्याच्या पानाचा देठ लांब, आणि त्या देठावर दोन बारीक ग्रंथी असतात. मोह्याचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. बेहड्याला चीक नाही. कुंभीच्या पानाला देठ नावापुरताच, पात निमुळती होत फांदीला टेकते, कडा बारीक दातेरी, आणि थंडीत पानं लालबुंद.

चिकाची ही परीक्षा सोपी, पण ती करण्याआधी चौथ्याची ओळख हवी. बिब्याचं पान मोठं, टोकाला गोल, खालून राखी. त्याचा रस हवेत काळा पडतो आणि कातडीवर फोड उठवतो. बिबा उतला म्हणजे काय हे ज्याने भोगलंय तो पुन्हा पान तोडत नाही. म्हणून टोकाला झुबका दिसला की आधी खोडावर, मोडलेल्या देठांवर काळे डाग आहेत का ते पाहायचं. असले तर हात मागे. आंबा, चार (चारोळीचं झाड) आणि मोई याच कुळातले आहेत, आणि आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ उततात त्यांनी तर बिब्याच्या सावलीलाही जास्त वेळ थांबू नये असं जुने लोक सांगतात.

दुसरी सावधगिरी गराडीची. लहान, गोलसर, गुळगुळीत पानं, एकाआड एक. तीन कप्प्यांचं चकचकीत तपकिरी फळ. दिसायला निरुपद्रवी, पण पान जहाल विषारी. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. अनोळखी पान चावून चव बघायची सवय ज्यांना असेल त्यांनी ती इथे सोडावी. चुरगाळून वास घ्या, तेवढं पुरे.

ऐनाची खूण मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती या जंगलातली माझी सगळ्यांत आवडती खूण आहे. झाड मोठं, पान साधं, लांबट, अगदीच अनाकर्षक. पान उलटं करा. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, देठापासून थोडं वर, चामखिळीसारखे एक-दोन उंचवटे दिसतील. या ग्रंथी दिसल्या की ऐन-अर्जुन-बेहडा-हिरडा या घराण्यात आपण पोचलो. पुढचा फरक सालीचा. ऐनाची साल काळपट, खोल भेगांनी चौकोनी कापलेली, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची साल गुळगुळीत, राखी-गुलाबी, मोठाल्या पातळ ढलप्यांनी सुटणारी. आणि जागाही बोलते: अर्जुन नदी-नाल्याच्या काठावर, ऐन काठापासून दूर. दोघांच्याही फळांना पाच पंख, पण ऐनाचे पंख रुंद. इथली माणसं ऐनाला येन म्हणतात, कुणी साजा म्हणतं. गोंड समाजात बडादेवाचा वास याच झाडात मानतात. शास्त्रज्ञांनीही याला टोमेन्टोसा, क्रेन्युलाटा, एलिप्टिका अशी आलटून-पालटून नावं दिलीत, तेव्हा गावागणिक नाव बदलतं म्हणून कुणी नाक मुरडू नये. गावातलं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही वहीत लिहावीत.

आणि पानंच नसली तर? ही अडचण खोटी नाही. इथलं जंगल पानझडीचं. फेब्रुवारीपासून पानं गळतात, एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा साग, सालई, मोई उघडे उभे असतात. पानांतून पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती काटकसर. ताडोब्याचे पर्यटक नेमके याच दिवसांत येतात आणि जिप्सीतून खाली उतरायला परवानगी नसते, म्हणजे पान हातात घेऊन पाहणं दूरच. तेव्हा सालीवर आणि आकृतीवर भिस्त ठेवायची.

पांढरं खोड दिसलं की पर्यटकांना गाईड हमखास सांगतो ते भुताचं झाड म्हणजे कुल्लू. अंधारात उठून दिसणारी, पापुद्र्याने सुटणारी गुळगुळीत साल, खडकाळ उतारावरची एकटी जागा. पण प्रत्येक पांढरं खोड कुल्लू नाही. धावड्याचीही साल पांढुरकी. फरक असा की धावड्याच्या खोडावर ढलप्या पडलेल्या जागी उथळ खळगे दिसतात, फांद्या बारीक आणि खाली झुकलेल्या, आणि थंडीत उरलीसुरली पानं तांबूस. डिंकाच्या लाडवांतला डिंक याच धावड्याचा. लेंडियाची सालही फिकी, पण त्याची लंबगोल सुकी बोंडं फांद्यांवर राहिलेली असतात. तेंदूचं खोड उलट काळं, जळल्यासारखं, चौकोनी खपल्यांचं. काळ्या, जाड, भेगाळ सालीची झाडं इथे इतकी का, तर दरवर्षी उन्हाळ्यात जमिनीलगत आग फिरते. जाड सालीखालचा जिवंत थर वाचतो, पातळ सालीचं कोवळं झाड मरतं. तेंदू तर वरून जळाला तरी मुळांतून पुन्हा फुटतो.

आकृतीत सर्वांत सोपी काटेसावर. खोड सरळ, आणि फांद्या एकाच उंचीवरून चहूबाजूंना आडव्या निघतात, मग थोडं वर पुन्हा तसाच मजला. तरुण खोडावर काटे, म्हाताऱ्याच्या बुडाशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं. मोईच्या फांद्या मोजक्या, जाड आणि टोकाला बोथट. टेटूवर पानं नसली तरी हातभर लांबीच्या चपट्या शेंगा लोंबत असतात, त्या चुकवूच शकत नाही.

मात्र आकृतीवर एक मर्यादा कायम लक्षात ठेवा: ती शेजाऱ्यांवर अवलंबून असते. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना ‘वनवैभव’ नावाचा राखीव तुकडा लागतो. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथली उंच झाडं उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करत सरळ वर गेलेली, फांद्या शेंड्यालाच. त्यांच्यातलाच मोहा शेताच्या बांधावर बघा: जमीन साफ करताना फुलांसाठी आणि फळांसाठी राखलेला, अडवायला कुणी नाही म्हणून घेर रुंद, फांद्या माणसाच्या उंचीपासून सुरू. आकृतीवर विसंबलात तर एकाच झाडाला दोन नावं द्याल. पानांचा झुबका आणि देठातला चीक मात्र दोन्हीकडे तोच.

फोनमधली ॲप आता नाव लगेच सांगतात, आणि ती वापरू नयेत असं मी म्हणणार नाही. पण भामरागड, एटापल्लीच्या आतल्या रस्त्यांवर सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही, आणि ॲपला दिसतं ते फोटोतलं. देठावरच्या ग्रंथी, बोटांना लागणारं लाल, चुरगाळल्यावरचा वास फोटोत येत नाही. फोटो काढायचाच तर चार काढा: पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, देठ फांदीला मिळतो ती जागा, आणि साल. नुसत्या एका सुंदर पानाच्या फोटोवरून नाव विचारणारा सांगणाऱ्याचाही वेळ घालवतो.

सुरुवात करायला ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. पानं पूर्ण वाढलेली असतात, अजून गळायला लागलेली नसतात, सागावर फुग्यांसारखी फळं आलेली असतात आणि गवत वाळून वाटा मोकळ्या होत असतात. व्याघ्र प्रकल्पातून पान, फूल, बी काहीही उचलून आणायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा गावशिवारातली, रस्त्याकडेची झाडं निवडा. चंद्रपूर-मूल रस्त्यावरसुद्धा या लेखातली निम्मी झाडं आहेत. सोबत गावातलं एखादं जाणतं माणूस असलं तर पुस्तक पिशवीतच ठेवा. त्याच झाडांकडे एप्रिलमध्ये पुन्हा जा आणि साल पाहून ठेवा. वहीत आधी डोळा कुठे सापडला ते लिहा, पानं समोरासमोर की एकाआड एक ते लिहा, चीक, वास, ग्रंथी लिहा; नाव मागाहून लिहिलं तरी चालेल.